बेट्सी रॉस आणि अमेरिकेचा पहिला ध्वज : एक खुलासा

'१७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियातील बेट्सी रॉस यांच्या दुकानात गेले आणि त्यांच्याकडून अमेरिकेचा पहिला ध्वज शिवून घेतला, याचे सरकारी पुरावे आहेत,' असा मजकूर सध्या अनेक गटांत फिरत आहे. त्या भेटीची समकालीन नोंद आजवर मिळालेली नाही.

ही कथा प्रथम जाहीरपणे मांडली ती बेट्सींचे नातू विल्यम कॅन्बी यांनी, १८७० मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास संस्थेपुढे. म्हणजे आजीच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. आधार होता घरात ऐकलेल्या आठवणींचा आणि नातलगांनी दिलेल्या शपथपत्रांचा. शपथपत्रे खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र आठवणीचा पुरावा आणि त्या काळातला कागद यांचे वजन सारखे धरता येत नाही.

कागद जे सांगतात तेही कमी नाही. बेट्सींचे माहेरचे नाव एलिझाबेथ ग्रिस्कम; जन्म १७५२ चा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातला. पंथाबाहेर लग्न केल्यामुळे त्यांना पंथातून काढले गेले. मे १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने जहाजांचे ध्वज शिवल्याबद्दल त्यांना पैसे दिल्याची नोंद आहे. दुसरे पती जोसेफ अ‍ॅशबर्न इंग्लंडमधील तुरुंगात १७८२ मध्ये वारले, आणि ती बातमी आणणारे सहकैदी जॉन क्लेपूल पुढे त्यांचे तिसरे पती झाले. (दंतकथेपेक्षा हेच अधिक विलक्षण वाटते.) ध्वजाच्या आराखड्याबद्दल १७८० मध्ये काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या प्रतिनिधी सभेकडे, मोबदला मागितला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी.

तेव्हा 'सरकारी पुरावे' असे सांगणारा मजकूर कृपया पुढे पाठवू नये. पाठवायचाच असेल तर 'कौटुंबिक आठवणींनुसार' हे शब्द त्यात जरूर घालावेत.