भियाचं पान

आमच्या बोक्याचं नाव भिया. इंदुरात रिक्षावाल्यापासून पोहेवाल्यापर्यंत सगळ्यांना 'भिया' म्हणायची रीत आहे, पण नाव त्यावरून पडलं नाही. हा बोका म्यांव म्हणतच नाही, 'भियांव' म्हणतो. पाच वर्षांपूर्वी, भर पावसात, लोकमान्यनगरच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून त्यानं यांच्याकडे बघत तीनदा तसं म्हटलं. हे म्हणाले, "बोलो भिया!" आणि दूध आणायला आत गेले. तेव्हापासून घर त्याचं आहे, आम्ही चालवतो.

यात महानगरपालिकेचाही हात आहे असं माझं मत आहे. 2017 पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं. रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, गाणं वाजवत गाडी दारात येऊ लागली, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. माणसांना अभिमान वाटला. मांजरांची मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची खानावळ बंद झाली. मग ती आमच्या जेवणाच्या टेबलावर येणार नाहीत तर कुठे जाणार?

दिवसभर भिया घरात असून नसल्यासारखा. कपाटावर, इस्त्रीच्या कपड्यांवर, कुठेतरी झोपलेला असतो. कुकरच्या पहिल्या शिट्टीला त्याचा एक कान वळतो. दुसरीला पुढचे पाय ताणून, पाठीची कमान करून तो उठतो. तिसरीला ओट्याशी हजर. शिट्ट्या मोजायचं मी सोडून दिलंय. भिया पायाला घासला की गॅस बंद करते. डाळ कधी कच्ची राहिली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताटातलं काही घालायचं नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूधसुद्धा मोठ्या मांजराला पचेलच असं नाही. मी घरी येऊन जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, लेकीनं तर "बरोबर आहे आई" असंही म्हटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, आमच्याकडे ते डोळे सताड उघडे ठेवून पितं. डोळे मिटतात ते पाजणारे.

यांचा डावा गुडघा फक्त जेवतानाच खाजतो. पोळीला तूप लावलेलं असलं की जास्त. लेकीची तऱ्हा वेगळी, ती पुराव्यानिशी बोलते. म्हणे 2009 मध्ये इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठात मांजरांच्या घुरघुरीवर संशोधन झालं. खायला हवं असलं की काही मांजरं घुरघुरीच्या आतच एक बारीक रडका सूर मिसळतात, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. माणसाला ते ऐकवत नाही. "म्हणजे आई, यात माझा दोष नाही," असं म्हणून तिनं पनीरचा तुकडा धुऊन त्याच्यापुढे ठेवला. धुऊन! कांदा-लसणाचा रस्सा लागला होता ना, नियम म्हणजे नियम.

एका बाबतीत मात्र भिया इंदुरी नाही. रविवारी पोहे-जिलबीची पुडी सुटली की पोह्यांवरच्या शेवेकडे तो आशेनं बघतो, जिलबीकडे ढुंकूनही नाही. मला वाटायचं, संयम आहे बिचाऱ्याला. कसला संयम! मांजराला गोड कळतच नाही. ती चव ओळखायला लागणारं एक जनुकच त्यांच्यात निकामी झालेलं असतं, हे 2005 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. मग हा श्रीखंडाचं भांडं का चाटतो? स्निग्धांशासाठी. साखर आमच्या वाट्याला, चक्का त्याच्या.

पण खरा तिढा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ब्याऐंशीव्या वर्षीही ते टेबलावर जेवत नाहीत. पाट मांडून बसतात, ताटाभोवती पाणी फिरवतात आणि उजव्या हाताला तूप-भाताच्या पाच चित्राहुती घालतात. भिया पलीकडे शेपटी पायांभोवती गुंडाळून मौंजीतल्या बटूसारखा बसलेला असतो. बाबांनी आपोशन घेतलं की मान खाली घालतो आणि डावीकडून उजवीकडे, एकही शीत न चुकवता, चित्र, चित्रगुप्त, यम आणि यमधर्म या सगळ्यांचा वाटा फस्त करतो. यमाचं खाताना त्याची मिशीसुद्धा हलत नाही.

"बाबा, डॉक्टर नको म्हणालेत," मी एकदा धीर करून म्हटलं.

"सूनबाई, पाचवी आहुती कुणाची?"

"सर्वेभ्यो भूतेभ्यः."

"मग? हा कोण आहे?"

"पण बाकीच्या चार?"

"त्या मागायला अजून कुणी आलेलं नाही," बाबा म्हणाले आणि वरण-भात कालवू लागले. पूर्वी चित्राहुती हरभऱ्याएवढ्या असायच्या, हल्ली लिंबाएवढ्या असतात. शास्त्रात आकार दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात मी कडक व्हायचं ठरवलं. जेवणाच्या वेळी भिया अंगणात, दार बंद, कडी वर. सोमवारी तो दारावर ओरडला. मंगळवारी ओरडला नाही, तेच वाईट झालं. दाराखालच्या फटीतून एक पिवळा पंजा आत आला. आधी पालथा. मग हळूच उताणा झाला, गुलाबी गाद्या वर करून, आणि तसाच राहिला. यांचा गुडघा खाजेना. लेक ताटाकडे बघत बसली. बाबांनी चित्राहुती घातल्या, त्या जेवण संपेपर्यंत तशाच वाळत पडल्या, आणि उठताना ते म्हणाले, "आज पान सुनं वाटलं." बुधवारी कडी कुणी काढली ते मला माहीत नाही. मी तेव्हा कोशिंबिरीला फोडणी घालत होते, दाराकडे पाठ करून, बराच वेळ.

परवा दुपारी घरी कुणी नव्हतं. एकटीपुरता भात, साधं वरण. टेबलावर बसले तर समोरच्या खुर्चीवर भिया. घुरघुर नाही, रडका सूर नाही, नुसता बसलेला. मी दोन घास खाल्ले. तिसरा गिळेना. इकडेतिकडे बघितलं, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चित्राहुती घातल्या. पाचांवर थांबायचं असतं, मी सात घातल्या.

भिया टेबलावर चढला. पहिल्या आहुतीचा वास घेतला, दुसरीचा घेतला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तूप राहिलं होतं. उठले.