‘टर्ब्युलन्स मॉडेल म्हणजे चीटिंग’ या कॉमेंटला उत्तर

नमस्कार, तुमच्या कॉमेंटला दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की द्रव-वायूंच्या प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत, आता सुपरकॉम्प्युटरही आहेत, मग ती सरळ सोडवायची सोडून मी नवशिक्यांना के-एप्सिलॉन मॉडेल (टर्ब्युलन्सचा, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीचा, सरासरी परिणाम अंदाजाने मांडणारी दोन समीकरणं) का शिकवतो, आणि त्यातले 0.09, 1.44, 1.92 हे आकडे म्हणजे उत्तर आधी बघून केलेली जुळवाजुळव, थोडक्यात चीटिंग.

सरळ सोडवायची म्हणजे नेमकं काय करायचं ते आधी बघू. प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते आणखी लहान, आणि शेवटी इतके बारीक होतात की चिकटपणामुळे त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. तुमची जाळी, म्हणजे ज्या बिंदूंवर कॉम्प्युटर हिशोब करतो ती चौकट, या शेवटच्या भोवऱ्यापर्यंत पोचलीच पाहिजे, नाहीतर ऊर्जेला बाहेर जायला वाटच राहत नाही, ती बारीक खणांमध्ये साचत जाते आणि मग रन तरी फुटतो किंवा उत्तर तरी चुकतं. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने 1941 मध्ये जो हिशोब मांडला त्यावरून जाळीचे बिंदू साधारण रेनॉल्ड्स नंबरच्या (प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती आहे ते सांगणारा आकडा) 9/4 घातात वाढतात. म्हणजे रेनॉल्ड्स नंबर 10 हजार असेल तर ढोबळमानाने 100 कोटी बिंदू, आणि 10 लाख असेल तर 30 लाख कोटी! प्रत्येक बिंदूवर वेगाचे तीन आकडे आणि दाबाचा एक, प्रत्येकी 8 बाइट धरले तरी एका क्षणाचं चित्र नुसतं मेमरीत ठेवायलाच हजार टेराबाइट लागतात. आणि जाळी बारीक केली की टाइम स्टेपही (हिशोबातलं काळाचं एकेक पाऊल) लहान करावी लागते, त्यामुळे रेनॉल्ड्स नंबर दहापट झाला की एकूण काम जवळपास हजारपट.

असं थेट सोडवणं लोक करतात, नाही असं नाही. 1972 मध्ये 32 गुणिले 32 गुणिले 32 ची जाळी होती, 1987 मध्ये किम, मोइन आणि मोझर यांनी चॅनलमधला प्रवाह सुमारे 40 लाख बिंदूंवर सोडवला, आणि तो डेटा आजही मॉडेल तपासायला वापरतात. म्हणजे तुम्ही म्हणता ती पद्धत आणि मॉडेल एकमेकांच्या विरोधात नाहीतच.

आणि बिनचूक उत्तराचं म्हणाल तर, थेट सोडवतानाही सुरुवातीला किंचितसा फरक पडला की काही वेळाने प्रत्येक भोवरा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. टिकतात त्या सरासऱ्या. पाइपमध्ये दाब किती घटेल हे विचारणाऱ्या माणसाला सरासरीच हवी असते, मग थेट सरासरीचीच समीकरणं सोडवली तर त्यात लबाडी कसली? अडचण एवढीच की सरासरी काढताना नवीन अज्ञात पदं येतात, त्यांच्यासाठी वेगळी समीकरणं मिळत नाहीत, आणि ती जागा मॉडेल भरतं.

आता आकडे. 1.92 चं उदाहरण घ्या. वाऱ्याच्या बोगद्यात तारांची जाळी उभी करतात, तिच्यामागे तयार झालेली खळबळ पुढे जाताना हळूहळू मरते, ती किती वेगाने मरते या मोजमापावरून हा आकडा आलाय. तुमच्या पाइपचं उत्तर बघून नाही! एका साध्या प्रवाहात मोजायचा आणि दुसरीकडे वापरायचा, तो तिथे चालला नाही तर ते लगेच उघड होतं. चालत नाहीच कधीकधी, हे मॉडेल गोल जेट, म्हणजे गोल तोंडातून सुटणारा झोत, खऱ्यापेक्षा जास्त पसरलेला दाखवतं आणि जोरात फिरणाऱ्या प्रवाहात तर फारच गडबडतं. ही मर्यादा नवशिक्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला हवी, याबाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

एक करून बघा. ओपनफोम या प्रवाह सोडवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिट्झडेली नावाची ट्यूटोरियल केस आहे, पायरीवरून खाली उतरणारा प्रवाह. के-एप्सिलॉनवर चालवा, मग लार्ज एडी सिम्युलेशनवर (मोठे भोवरे थेट सोडवायचे, फक्त बारीक भोवऱ्यांसाठी मॉडेल), आणि पायरीमागे सुटलेला प्रवाह पुन्हा तळाला कुठे चिकटतो ते दोन्हीकडे मोजा, रंगीत चित्रांवर जाऊ नका. साध्या पायरीच्या प्रयोगांमध्ये हे अंतर बऱ्याचदा पायरीच्या उंचीच्या 6 ते 7 पट येतं आणि के-एप्सिलॉन ते सहसा कमी दाखवतं. तुमचे दोन्ही आकडे इथेच कॉमेंटमध्ये टाका, जाळी किती बारीक घेतली तेही लिहा, मग त्यावरच पुढे बोलू.