पार्कवे एका दिवसात?
तुमचं कॅनडाचं प्रवासवर्णन वाचलं. व्हँकुव्हर ते जॅस्पर, दोघंच, महिनाभर गाडीने... हेवा वाटला! पण आइसफील्ड्स पार्कवे, म्हणजे रॉकी पर्वतांतला तो देखणा रस्ता, एका दिवसात उरकलात, हे काही पटलं नाही बुवा. लेक लुईस ते जॅस्पर जेमतेम २३० किमी, पण दर वळणावर गाडी थांबवावीशी वाटते. वाटेतल्या पेटो लेकचा तो निळा-हिरवा रंग म्हणजे हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ. इतकं बारीक की पाण्यात तरंगतच राहतं. मे महिन्यात गेलात तर तळं बहुधा गोठलेलंच, रंग खुलतो जुलैत. जाणाऱ्यांनी टाकी आधीच फुल करावी, वाटेत पेट्रोल फक्त सस्कॅचेवान क्रॉसिंगला आणि तेही महाग. लेक लुईसजवळच्या मोरेन लेकला २०२३पासून खासगी गाडी नेता येत नाही, शटल बस आधी बुक करा. २०२४च्या वणव्यानंतरच्या जॅस्परवर मात्र तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. तिथले फोटो टाका ना!