सरळ बसलं तर

मऊ प्लास्टिकच्या आमिषांच्या पाकिटावर तीन चित्रं असतात. पहिल्यात रबरी मासोळीच्या नाकात गळाचं टोक, दुसऱ्यात ते पाठीतून बाहेर, तिसऱ्यात मासोळी मजेत पोहतेय. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मधे एका धडधाकट माणसाची सकाळ खर्ची पडते, तिचं चित्र कुणी छापत नाही.

प्रकरण ऐकायला सोपं आहे. जिग हेड म्हणजे शिशाची गोळी आणि तिच्यातच ओतून पक्का केलेला गळ. त्यावर आमिष ओवायचं. गोळीच्या वजनाने ते बुडतं आणि सरळ बसलं असेल तर ओढताना जिवंत माशासारखी शेपटी हलवतं. 'सरळ बसलं असेल तर' एवढे शब्द लोक पटकन बोलून जातात. माझा सगळा संसार तिथेच अडलाय.

मुळात खरेदीतच डोकं फिरतं. गळाचं ६ नंबरचं माप लहान, ४ त्याहून मोठं, २ आणखी मोठं, १ त्याहूनही. म्हणजे आकडा उतरला की गळ वाढतो. हे कसंबसं पचवावं, तर १ नंतर येतो १/०, मग २/०, ३/०, आणि आता आकडा चढला की गळही वाढतो! शेजारी वजन लिहिलेलं असतं तेही अपूर्णांकात. १/८ औंस म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम, १/४ म्हणजे सात. हे ज्याने ठरवलं त्याला शाळेत गणिताच्या मास्तरांनी फार छळलं असणार.

जाणकार सांगतात, आधी आमिष गळाला समांतर धरा, गळाचं वळण कुठे येतं ते बघा आणि तिथे नखाने खूण करा. सल्ला अगदी रास्त. फक्त आमिष तेलात निथळत असतं, त्याला लसणाचा नाहीतर बडीशेपेचा वास मारलेला असतो आणि नखाची खूण दोन सेकंदांत बुजते. त्या वासाने मासे येतात की नाही यावर मी बोलणार नाही. माणसं मात्र नक्की लांब जातात.

मग नाकाच्या बरोब्बर मध्यातून टोक घालायचं आणि पुढे सरकवायचं. पायजम्याची नाडी ओवण्यासारखंच हे काम, फक्त इथली पिन वाकडी, टोकदार आणि तुमच्या बोटाच्या शोधात असते. सरकवताना प्लास्टिक गोळा होतं, सोडलं की लांबतं, आणि मघाशी धरलेला अंदाज कधीच दुसरीकडे गेलेला असतो. टोक फार पुढे निघालं तर अंग ताणून धनुष्य होतं. फार मागे निघालं तर पाठीला कुबड. आणि लांबी अचूक साधली त्या दिवशी टोक पाठीच्या मध्यरेषेऐवजी बरगडीतून बाहेर. अशा वेळी किनाऱ्यावरून जाणारा कुणीतरी हटकून विचारतो, "लागलं का काही?"

"हो, बोटाला."

थोडं वाकडं असलं तर काय बिघडलं, असं नवखा माणूस म्हणतो. बिघडतं. वाकडं आमिष पाण्यात पोहत नाही, भिरभिरतं. त्याच्याबरोबर तंगूस पिळत जाते आणि थोड्या वेळाने रिळावरून अशी काही वेटोळी उसळतात की ती सोडवणं हाच दिवसभराचा उद्योग होतो.

समजा, सरळ बसलं. अजून नाक गोळीला भिडायचं राहिलंय. गोळीच्या मागे एक उलटा काटा असतो, आमिष घसरू नये म्हणून. त्यावरून नाक चढवताना नाकच फाटतं. मग ते आमिष दर फेकीला खाली घसरून गळाच्या वळणात गोळा होऊन बसतं. यावर माझ्या मते एकच इलाज, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब. तो मी बिनदिक्कत वापरतो आणि याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही, कारण तेव्हा माझा अंगठा तर्जनीला चिकटलेला असतो.

काही आमिषं वेगळ्याच प्लास्टिकची, रबरासारखी ताणणारी असतात. दिसतात सारखीच. पण ती साध्या आमिषांबरोबर एका डबीत ठेवली की दोघं एकमेकांना वितळवतात. एकदा डबी उघडली तर आत हिरवा-जांभळा चिखल आणि त्यातून वर आलेल्या शेपट्या.

पाकिटात दुमडून राहिलेली आमिषं तशीच वाकडी होऊन बसतात. मग गळ कितीही नेमका ओवा. त्यांना काही क्षण गरम पाण्यात बुडवायचं, सरळ करायचं आणि गार होऊ द्यायचं. उपाय नामी आहे. फक्त पातेल्यात गांडुळं तरंगताना घरच्यांनी पाहिली की त्यामागचं शास्त्र समजावत बसावं लागतं. प्लास्टिकचं पहिलं यशस्वी गांडूळ निक क्रीम या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला आपल्या स्वयंपाकघरातच शिजवलं होतं, हेही मी ऐकवून पाहिलं. त्याची बायको या कामात त्याच्या बरोबरीने होती, हेसुद्धा सांगितलं. त्यावर, "मग त्यांच्याकडेच जा जेवायला," असं उत्तर आलं.