अचूकतेचा खर्च नेमका कुठे करावा?

तयार नळी आणि ॲक्शन (गोळी भरून डागणारी यंत्रणा) विकत घेऊन घरीच कमी खर्चात अचूक रायफल जुळवता येते, असे एका लेखात वाचले. हे म्हणणे अमेरिकेपुरते ठीक आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणेच काय, दुरुस्त करणेही गुन्हा ठरतो. सोलापुरात आम्ही काही हौशी मंडळी त्यामुळे 4.5 मिमीच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलवरच समाधानी आहोत.

माझ्या रायफलचे छर्रे वर्षभर विखुरत होते आणि मी नळीला दोष देत राहिलो. प्रत्यक्षात दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू ढिले होते, ते आवळताच निम्मे दुखणे गेले. उरलेले माझ्या पकडीत होते, कारण अशा रायफलचा धक्का छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच सुरू होतो आणि ती घट्ट आवळून धरली की नेम हमखास ढळतो. आता पुढचा हात सोलापुरी चादरीच्या घडीवर टेकवून रायफल त्यावर नुसती विसावू देतो (चादरीचा हा उपयोग विणकराच्या स्वप्नातही नसेल). दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिमीचा असतो. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर आधी 4.49, 4.50 आणि 4.51 मिमीचे छर्रे आणून आपल्या नळीला कोणते मानवतात ते पाहावे.