एमबीबीएस नाही म्हणून पर्यावरण आरोग्य नाही? असं काही नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पर्यावरण आरोग्यात करिअर करायचं तर आधी एमबीबीएस हवं, बाकीच्यांनी झाडं लावावीत.’ मी पुण्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवते. असलं वाचून मुलं हिरमुसतात, म्हणून हा खुलासा. पर्यावरण आरोग्य म्हणजे पाणी, हवा यांचा माणसाच्या तब्येतीवर होणारा परिणाम पाहणारं क्षेत्र.

कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या वैद्यकशाखेच्या, एमडीला एमबीबीएस लागतंच. मेसेजात खरं तेवढंच. सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, म्हणजे एमपीएच, इतर पदवीधरांनाही करता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ते आहे, पर्यावरणशास्त्राचा विभागही आहे. महापालिकेत आरोग्य निरीक्षक व्हायचं तर स्वच्छता निरीक्षकाची पदविका असते.

जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यातल्या नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता भागात गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. अशा वेळी पहिली चाचणी, म्हणजे पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन आहे का हे पाहणं, अगदी साधी. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवं. तो पिवळा रंग ओळखायला स्टेथोस्कोप कशाला हवा? (आमच्या प्रयोगशाळेतली मुलं याहून किचकट रंग ओळखतात.)

हवेचंही तेच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ यंत्रणा प्रदूषणाचा अंदाज देते, त्यात भौतिकशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटरचं काम जास्त.

पात्रतेच्या अटी संस्थेगणिक बदलतात. फॉर्म भरण्याआधी त्या त्या संस्थेचं यंदाचं माहितीपत्रक वाचा.