एकरी 200 टनांचं गवत आणि गोव्याची ‘पडीक’ जमीन

‘गोव्यातली पडीक जमीन सोनं देईल. सुपर नेपियर लावा. पाणी नको, खत नको. एकदा लावा, सात वर्षं कापा. एकरी 200 टन! कारखाना दारात येऊन उचलतो, त्याचा गॅस होतो.’ असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. सुपर नेपियरसारखं संकरित नेपियर, म्हणजे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत, चांगलं पीक आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण या हिशेबाशी आहे.

‘एकरी 200 टन, पाणी नको.’ कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या संकरित नेपियरच्या को-4 वाणाचं उत्पन्न हेक्टरी चारशे टनांच्या आसपास सांगितलं जातं. म्हणजे एकरी 160 टन, तेही चांगल्या जमिनीत, बारमाही ओलितावर, दर दीड महिन्याला कापून. संदेशवाल्यांनी पडीक जमिनीतून त्याहून जास्त काढलं, धन्य आहे! आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे पाणी दिलं नाही तर नेपियर तग धरेल, पण कापण्याजोगं वाढणार नाही. आणि ऐन पावसात पाणी साचलं तर तेही त्याला सोसत नाही.

‘खत नको.’ त्यांचाच आकडा धरू. 200 टन हिरव्या गवतात सुका भाग सुमारे 40 टन, आणि त्यात एक टक्का नत्र धरलं तरी 400 किलो. म्हणजे एकरातून वर्षाला युरियाच्या 45 किलोच्या एकोणीस गोण्यांइतकं नत्र बाहेर जातं. ते कुठून येणार? ही ‘बिनखताची’ कथा बहुधा युरोपातल्या मिस्कॅन्थसवरून उचललेली असावी. ते गवत थंडीत वाळताना अन्नद्रव्यं जमिनीतल्या खोडात परत ओढून घेतं आणि वाळल्यावरच कापलं जातं. नेपियर आपण हिरवंगार कापतो. गॅस काढून उरलेली स्लरी, म्हणजे पातळ चोथा, शेतात परत आली तर बरीच भरपाई होईल, हे खरं. ती परत आणायचं भाडं कोण देणार, हे संदेशात नाही.

आता मुख्य मुद्दा: पडीक कशाला म्हणायचं? सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, उन्हाळ्यात करपलेला दिसतो, म्हणून तो रिकामा नव्हे. जांभ्यावर चार बोटं माती असते. तिच्यात पावसाळ्यात सीतेची आसवं ही इवली फुलं फुलतात आणि पश्चिम घाट-कोकणापलीकडे न सापडणारी गवतं उगवतात. त्यांतल्या ग्लायफोक्लोआ नावाच्या गवताच्या एका जातीला तर गोव्याचंच नाव आहे. तिथे नेपियर लावायचं तर आधी माती आणून टाकावी लागेल.

खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, तर आणखी वेगळं. बांध फुटला, मानशीची (भरती-ओहोटीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं कुजली, की खारं पाणी आत येतं आणि शेत पड राहतं. त्या जमिनीचा दोष नसतो, दुरुस्ती न झालेल्या बांधाचा असतो. खारट, साचलेल्या पाण्यात नेपियर टिकणार नाही. कोरगुट हा खारं पाणी सोसणारा स्थानिक भात टिकतो. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काढलेली गोवा धान ही भाताची वाणंही टिकतात. शिवाय मानशीवरच्या मासळीचं उत्पन्न असतं ते वेगळंच. 2011 च्या किनारी नियमावलीने खाजनांना संरक्षण दिलं आहे, तेही ‘पडीक’ म्हणण्याआधी आठवावं. एकदा कागदावर पडीक ठरलेल्या जमिनीवर पुढे गवतच उगवेल, याची खात्री गोव्यात कोण देईल?

डिचोली-सांगेच्या खाणींवरच्या मातीच्या ढिगांवर गवत जरूर लावावं, पण माती धरून ठेवण्यासाठी. दीड महिन्याला कापायचं असेल तर त्या उतारावर चढणार कोण?

‘कारखाना दारात येतो.’ हिरव्या नेपियरच्या टनात सुमारे 800 किलो पाणी असतं आणि त्यातून ढोबळमानाने 30 ते 40 किलो गॅस निघतो. सत्तरीतून ट्रक भरून पाठवला तर भाडं मुख्यतः पाण्याचंच. करारावर सही करण्याआधी तोडणी, भाडं आणि कारखाना बंद पडला तर उभ्या गवताचं काय, एवढं लेखी मागावं.

दुभती जनावरं असतील आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहत असेल, तर मात्र कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागायतीच्या) कडेला दहा-बारा गुंठे नेपियर खुशाल लावा. ट्रक लागत नाही, शेण तिथल्या तिथे परत जातं, आणि हिरव्या चाऱ्याचा विकतचा खर्च पहिल्याच उन्हाळ्यात कमी झालेला दिसतो.